१९७८चा ‘सुपरमॅन’ घरी बघायचा असेल तर

२०२५ साली डेव्हिड कोरेनस्वेटचा नवा ‘सुपरमॅन’ आला. त्यात जॉन विल्यम्सची जुनी धून पुन्हा वाजली आणि ती मुळात कुठली, हे शोधत बरीच नवी मंडळी १९७८च्या सिनेमापाशी पोचली. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर, नायक ख्रिस्तोफर रीव्ह. पण पहिल्या अर्ध्या तासातच ‘फार संथ आहे’, ‘प्रिंट धुरकट आहे’, ‘इफेक्ट्स जुनाट आहेत’ असे शेरे येतात आणि मोबाइल हातात घेतला जातो.

संथ आहे, हे कबूल. बाकीच्या तक्रारींत मात्र सिनेमापेक्षा चुकीच्या आवृत्तीचा आणि टीव्हीच्या सेटिंगचा दोष जास्त असतो. या सिनेमावर इतक्या वर्षांत बरीच पुटं चढली आहेत. कुणी दृश्यं वाढवली, कुणी आवाज बदलले, आणि उरलंसुरलं काम आजचे टीव्ही ‘सुधारणा’ करून पूर्ण करतात. खालची सगळी खटपट आहे ती ही पुटं खरवडून काढण्यासाठी.

पहिलं काम : कोणती आवृत्ती, ते ठरवा

याच्या तीन आवृत्त्या आहेत आणि कव्हरवर एकच नाव असल्यामुळे गोंधळ होतो. ओळखायची खूण म्हणजे मागच्या बाजूला छापलेली मिनिटं.

१४३ मिनिटं : डिसेंबर १९७८मध्ये थिएटरात लागलेली मूळ आवृत्ती.

१५१ मिनिटं : २०००च्या सुमारास डॉनरच्या देखरेखीखाली तयार झालेली वाढीव आवृत्ती. २००१च्या डीव्हीडीवर हीच होती आणि पुढे सुरुवातीच्या ब्लू-रेवरही हीच आली.

१८८ मिनिटं : टीव्हीसाठी लांबवलेली आवृत्ती. १९८२च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एबीसी वाहिनीने दोन रात्रींत दाखवली ती याहून थोडी छोटी होती. निर्मात्यांना मिनिटांच्या हिशोबाने पैसे मिळणार होते, त्यामुळे कापून टाकलेलं जे जे हाती लागलं ते परत जोडलं गेलं. २०१७मध्ये वॉर्नर आर्काइव्हने ही ब्लू-रेवर आणली.

पहिल्यांदा बघणाऱ्याने डोळे मिटून १४३ घ्यावी. १५१ दिग्दर्शकाच्या संमतीची आहे, मग तीच अस्सल का नाही, असा वाद घालता येतो. पण वाढवलेली दृश्यं बघा. खलनायक लेक्स लुथरच्या तळघरात शिरताना सुपरमॅनवर गोळ्या, आग, बर्फ यांचा मारा होतो. दिसायला गंमत आहे, कथा जागची हलत नाही. पहिल्या रात्रीच्या पराक्रमानंतर तो वडिलांच्या प्रतिमेशी बोलतो, ते दृश्य मात्र खरंच चांगलं आहे आणि ते मूळ आवृत्तीत नाही याची मला चुटपुट आहे. रेल्वेच्या खिडकीतून धावणारा मुलगा पाहणारी छोटी मुलगी लोइस लेन, म्हणजे पुढची नायिका आहे, हेही तिथे उघड होतं. तिचे आईवडील झालेत कर्क ॲलिन आणि नोएल नील, म्हणजे १९४८च्या मालिकापटातले सुपरमॅन आणि लोइस. या गोष्टी दुसऱ्या खेपेला बघायला छान. १८८ मिनिटांचा प्रकार तर सिनेमा पाठ झालेल्यांसाठीच.

आता एक गोची. आपल्याकडच्या काही डीव्हीडी पाल या टीव्ही पद्धतीच्या असतात. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो, पाल डीव्हीडी तो २५ने पळवते, म्हणजे लांबी चार टक्क्यांनी घटते. त्यामुळे १४३ मिनिटांची आवृत्ती पालवर साधारण १३७ मिनिटांची होते आणि १५१ची १४५. पाठीवर १४५ छापलेलं बघून ‘१४३च्या जवळ आहे, हीच मूळ’ असं समजून घेतलीत, तर हातात वाढीव आवृत्ती येईल. शिवाय या वेगामुळे संगीताचा सूरही किंचित चढतो. विल्यम्सने लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेल्या धूनला ते बाधतंच. ब्लू-रे आणि ४के डिस्कवर सिनेमा २४ चौकटींनीच चालतो, म्हणून तिथे ही भानगड नाही.

डिस्क आणि प्लेअर

परवडत असेल तर २०१८ची ४के डिस्क घ्या. सिनेमाला चाळीस वर्षं झाली तेव्हा ती निघाली. तिच्यावर १४३ मिनिटांचीच आवृत्ती आहे, त्यामुळे निवडीचा प्रश्नच मिटतो. २०२३मध्ये रीव्हच्या चारही सिनेमांचा ४के संचही आला. त्यात दुसऱ्या भागाच्या दोन्ही आवृत्त्या आहेत, त्याबद्दल शेवटी. साधी ब्लू-रेही पुष्कळ झाली, फक्त मिनिटं तपासून घ्या. ओटीटीवर बघणार असाल तरी सुरू करण्याआधी लांबी बघा, आणि ॲपमधली ‘डेटा सेव्हर’ची कळ बंद करा.

अमेरिकेतल्या मावशीला डिस्क आणायला सांगणार असाल, तर रीजनचं, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं, भान ठेवा. डीव्हीडीसाठी अमेरिका रीजन १, भारत रीजन ५. ब्लू-रेसाठी अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. वॉर्नरच्या बऱ्याच ब्लू-रे सगळीकडे चालतात, पण पाठीवरचा शिक्का बघून घेतलेला बरा. ४के डिस्कला रीजनच नसतो. कुठूनही आणा, चालते.

४के डिस्क चालवायला वेगळा प्लेअर घ्यावा लागत नाही, घरात डिस्कचा ड्राइव्ह असलेलं प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल तर. प्लेस्टेशन ४ मात्र फक्त साध्या ब्लू-रेपर्यंतच जातं. ‘प्रो’ असलं तरी. जाहिरातीतल्या ‘४के’ला भुलू नका.

जुन्या बाजारातून सेकंडहँड डीव्हीडी घेताना खालची बाजू उजेडात तिरकी धरा. चंदेरी किंवा सोनेरी आरसा दिसला तर छापील डिस्क, जांभळट झाक दिसली तर घरी कॉपी केलेली, ती परत ठेवा. बारीक चरे चालतात. मधल्या भोकाभोवती तडा असेल तर फुकटही नको. पुसायची वेळ आली तर मऊ, कोरड्या फडक्याने आतून बाहेर सरळ पुसा, गोल गोल घासू नका.

टीव्ही : इथेच खरं काम आहे

दुकानातून आलेला टीव्ही शोरूमच्या झगझगाटात उठून दिसावा म्हणून लावलेला असतो. त्याच सेटिंगवर हा सिनेमा लावलात तर तो संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसेल. रिमोट घ्या आणि ओळीने हे करा.

पिक्चर मोडमध्ये जा आणि ‘फिल्ममेकर मोड’ निवडा. तो नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. ‘व्हिव्हिड’, ‘डायनॅमिक’ यांच्या वाटेला जाऊ नका. चित्र एकदम पिवळसर, मंद वाटेल. दहा मिनिटं कळ काढा, डोळ्यांना सवय होते.

मोशन स्मूदिंग बंद करा. याची नावं कंपनीगणिक वेगळी : एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’. ही सोय दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाने चौकटी घुसडते. क्रिकेटला ठीक आहे. इथे उडणारा सुपरमॅन ताबडतोब दोरीला टांगलेल्या माणसासारखा दिसायला लागतो, कारण जो भास २४ चौकटींवर बेतलेला होता तोच ही सोय मोडते.

शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा आणि नॉइज रिडक्शन पूर्ण बंद करा. याला कारण आहे. छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थने चित्र जाणूनबुजून मऊ ठेवलं आहे. त्यासाठी लेन्सवर फॉग फिल्टर वापरले. खिडकीच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात, दिव्यांभोवती वलयं येतात. धुरकट प्रिंटची तक्रार येते ती इथूनच. शार्पनेस वाढवून ही मऊ झाक जात नाही, फक्त माणसांच्या कडेने पांढऱ्या रेघा उमटतात. अन्सवर्थ १९७८मध्येच, सिनेमा लागण्याआधी गेला. सिनेमा त्यालाच अर्पण केला आहे.

ग्रेनचंही, म्हणजे फिल्मवरच्या दाण्याचंही तसंच. साध्या प्रसंगांत दाणा बारीक आहे, आणि इफेक्ट्सचा शॉट आला की एकदम जाड होतो. तेव्हा दोन-तीन चित्रं एकत्र करायची तर फिल्मवरून फिल्मवर पुन्हा पुन्हा उतरवावं लागे, आणि प्रत्येक खेपेला दाणा वाढे. डिस्कचा दोष नाही.

शेवटी चित्राचा आकार. ‘झूम’, ‘वाइड झूम’ सगळं बंद. ‘१६:९’ आणि ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’. वर-खाली काळे पट्टे दिसायलाच हवेत, कारण सिनेमा लांबट पॅनाव्हिजन चौकटीत काढला आहे. ज्यांनी हा सिनेमा कधीकाळी भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला, त्यांच्या वाट्याला डावं-उजवं छाटलेलं चित्र आलं होतं. ‘आम्ही पाहिलाय की’ म्हणणाऱ्या काकांनाही म्हणूनच शेजारी बसवा.

आणि आता घाबरू नका : हे सगळं नीट लावून प्ले दाबलंत की पहिल्यांदा दिसेल एक पडदा. तो सरकेल आणि मधोमध छोटं, चौकोनी, कृष्णधवल चित्र येईल. जून १९३८, एका मुलाचा आवाज, उलटणारी कॉमिकची पानं. सेटिंग बिघडलं समजून रिमोटकडे झेपावू नका. कॅमेरा डेली प्लॅनेट या वर्तमानपत्राच्या इमारतीवरून आभाळात चढतो आणि निळी अक्षरं त्या छोट्या चौकटीतून सुसाट बाहेर येत अख्खा पडदा व्यापतात. हा परिणाम साधावा म्हणून तर चित्र आधी लहान ठेवलं आहे. दिवे घालवून बघा.

आवाज

२००० सालच्या वाढीव आवृत्तीसाठी ध्वनी नव्याने मिसळला गेला आणि मूळचे बरेच आवाज बदलून नवे टाकले गेले. हेलिकॉप्टर, स्फोट, वाऱ्याचा सोसाटा सगळं जास्त दणदणीत झालं, पण १९७८चं राहिलं नाही. ऑडिओ मेनूत एकापेक्षा जास्त इंग्रजी ट्रॅक असतील आणि एखाद्यावर ‘ओरिजिनल’ किंवा ‘थिएट्रिकल’ असं लिहिलेलं असेल, तर तोच निवडा.

संवाद हळू आणि संगीत मोठं, हा फरक या सिनेमात पुष्कळ आहे. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये रात्री अकराला बघणार असाल तर प्लेअरचा ‘नाइट मोड’ लावा, म्हणजे आवाज अधूनमधून कमी-जास्त करत बसावं लागणार नाही. इंग्रजी सबटायटल्स लावायला संकोच नको. जीन हॅकमनचा लेक्स लुथर फार भरभर बोलतो आणि त्याचे निम्मे विनोद पुटपुटण्यात आहेत.

तरुण क्लार्कच्या (सुपरमॅनचं माणसांतलं नाव क्लार्क केंट) प्रसंगांत ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं वाटलं, तर लिप-सिंकच्या सेटिंगला हात लावू नका. ते काम जेफ ईस्टने केलं आहे, पण आवाज नंतर रीव्हने दिला आहे.

बघताना

तीन वेगळे सिनेमे एकापाठोपाठ बघतोय असं धरून चाला. पहिला क्रिप्टनचा, म्हणजे सुपरमॅनच्या मूळ ग्रहाचा : पांढरा, थंड, मार्लन ब्रँडोच्या जड आवाजातला. दुसरा स्मॉलव्हिलचा, म्हणजे तो लहानाचा मोठा होतो त्या गावाचा : कॅनडातल्या अल्बर्टात चित्रित केलेली शेतं, उतरतं ऊन, ग्लेन फोर्ड. तिसरा मेट्रोपोलिसचा, म्हणजे उघड उघड न्यूयॉर्क. इथे एकदम विनोदी सिनेमा सुरू होतो. निळा पोशाख पहिल्यांदा दिसतो तोच पाऊण तासानंतर आणि हेलिकॉप्टरचा प्रसंग यायला तास उलटतो. हे आधी ठाऊक असलं की चुळबुळ होत नाही.

क्रिप्टनवासीयांचे कपडे लुकलुकतात, क्षणात पेटतात, क्षणात विझतात. टीव्हीचं एचडीआर (उजेड-अंधारातला फरक वाढवणारी सोय) गंडलंय असं अनेकांना वाटतं. ते कपडे ३एम कंपनीच्या स्कॉचलाइटपासून केले होते, म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या गाडीच्या दिव्यात चमकतात त्याच जातीच्या सामानाचे. हे सामान प्रकाश जिथून आला तिथेच परत फेकतं. कॅमेऱ्याच्या अगदी रेषेत दिवा ठेवला की कपडा स्वतःच उजळल्यासारखा दिसतो.

उडण्याची युक्तीही याच सामानावर चालते. झोरान पेरिसिकने झॉप्टिक नावाची पद्धत काढली. नटाच्या मागे स्कॉचलाइटचा पडदा, त्यावर समोरून प्रोजेक्टरने टाकलेलं आकाश. प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोघांनाही झूम लेन्स, आणि त्या एकमेकींशी जोडलेल्या. कॅमेरा झूम करून पुढे जातो तेव्हा नट मोठा दिसतो. मागचं आकाशही मोठं व्हायला हवं, पण त्याच क्षणी प्रोजेक्टर ते तेवढंच लहान करतो. परिणामी आकाश जागच्या जागी आणि माणूस तुमच्या अंगावर झेपावतोय. नट बिचारा होता तिथेच लटकलेला. या सिनेमाला दृश्य परिणामांसाठी विशेष ऑस्कर मिळालं. सगळेच शॉट इतके जमलेले नाहीत. निळ्या पडद्यासमोर (तो निळा भाग काढून तिथे मागाहून दुसरं चित्र बसवतात) निळा पोशाख घालून चालत नाही, म्हणून काही शॉटसाठी पोशाखाची छटा बदलावी लागली होती. मधूनच तो फिरोजीकडे झुकलेला दिसला तर त्याचं कारण हे.

तरी माझ्या मते या सिनेमाचा सगळ्यात मोठा इफेक्ट यंत्राने केलेला नाही. लोइसच्या घरी सुपरमॅन येऊन गेला आहे, उड्डाण झालं आहे, आणि आता दारात क्लार्क केंट उभा. ती आतल्या खोलीत आवरायला जाते. तिच्या पाठीमागे तो चष्मा काढतो. पाठ सरळ होते, खांदे मागे जातात, मान वर येते. उंचीच वाढल्यासारखी वाटते. आवाज खाली उतरतो. तो तिला खरं सांगायला तोंड उघडतो, आणि धीर सुटतो. चष्मा परत नाकावर, खांदे खाली, पाठीला पोक, आवाज पुन्हा चिरका. कपडे तेच, प्रकाश तोच. चष्मा घातला की कुणी ओळखत कसं नाही, या जुन्या थट्टेचं उत्तर रीव्ह काही सेकंदांत देऊन टाकतो. निवड झाली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, जवळजवळ अनोळखी, आणि श्रेयनामावलीत ब्रँडो आणि हॅकमन यांच्या खाली तिसरा. इथे थांबून एकदा मागे घ्या आणि फक्त खांद्यांकडे बघत पुन्हा पाहा.

शेवट अनेकांना पटत नाही. पृथ्वीभोवती फिरून काळ मागे नेणं, मलाही नाही पटत. मुळात तो शेवट दुसऱ्या भागासाठी लिहिलेला होता; दोन्ही भागांचं चित्रीकरण एकदमच चालू होतं, पहिला उरकायची घाई झाली आणि तो इकडे आला.

मुलं बरोबर असतील तर

एका बैठकीचा हट्ट धरू नका. बर्फातल्या स्फटिकांच्या महालात तो पहिल्यांदा उडून कॅमेऱ्याकडे येतो, तिथे थांबा. डिस्कवर मध्यंतर नाही, पण हे मध्यंतराचंच ठिकाण आहे. दोन जागा आधी सांगून ठेवतो. स्मॉलव्हिलमध्ये क्लार्कचे वडील अचानक हृदयविकाराने जातात. आणि शेवटाकडे लोइस भूकंपात गाडीसकट मातीत गाडली जाते, ते दृश्य चांगलंच लांबलेलं आहे. सहा-सात वर्षांचं मूल त्या वेळी जवळ घेऊन बसा.

पुढे काय बघायचं

दुसरा भाग. त्याच्याही दोन आवृत्त्या. डॉनरला निर्मात्यांनी मधेच काढलं आणि रिचर्ड लेस्टरकडून सिनेमा पूर्ण करून घेतला. तो १९८०चा, १२७ मिनिटांचा. २००६मध्ये डॉनरच्या जुन्या चित्रीकरणातून त्याची आवृत्ती जुळवली गेली, ती ११६ मिनिटांची. तिच्यात कापलेला ब्रँडो परत येतो. एक महत्त्वाचा प्रसंग कधी चित्रितच झाला नव्हता, म्हणून तिथे रीव्ह आणि लोइस झालेली मार्गो किडर यांच्या स्क्रीन टेस्ट वापरल्या आहेत. मधेच केस आणि अंगकाठी बदललेली दिसेल. आणि तिचा शेवटही काळ मागे नेऊनच होतो, म्हणजे पहिल्या भागात पाहिलेलीच युक्ती. म्हणून लागोपाठ बघू नका. आधी लेस्टरची बघा, मध्ये काही दिवस जाऊ द्या, मग डॉनरची. तिसरा आणि चौथा भाग संचात आलेच आहेत म्हणून पाहायचे तर पाहा, नाहीतर त्यापेक्षा रीव्हवरचा २०२४चा माहितीपट लावा.